ओठ शिवण्याआधीचे महिने: नॅम प्लेट, टेप आणि दूध

ओठ आणि टाळू दुभंगलेलं बाळ जन्माला आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन कधी? ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते पाच महिन्यांचं झाल्यावर होतं हे कळलं की बहुतेकांना वाटतं, तोवर नुसतं थांबायचं. खरं तर हे महिने फार कामाचे आहेत. फट रुंद असेल तर याच काळात हिरड्या एकमेकींजवळ आणता येतात, चपटी पडलेली नाकपुडी उचलता येते, आणि सर्जनला ओठ कमी ताणाखाली शिवता येतो. या उपचाराचं नाव नॅझोअल्व्हिओलर मोल्डिंग. बोलताना सगळे ‘नॅम’च म्हणतात. टाळूला बसणारी अ‍ॅक्रिलिकची छोटी प्लेट, ओठावरून आणि गालांवरून लावायच्या टेप, आणि पुढे नाकपुडी आतून उचलणारा तारेचा स्टेंट, इतकीच याची सामग्री. बाळ हाती आलेल्या आईबाबांसाठी आणि हे काम नव्याने शिकणाऱ्या दंतवैद्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहोत.

सुरुवातीलाच एक समज दूर करायला हवा. हिरड्या जवळ आणण्याचं बळ प्लेटमध्ये नसतं. ते टेपमध्ये असतं.

असं का, हे समजायला फट पडल्यावर काय बिघडतं ते पाहू. ओठाचा स्नायू तोंडाभोवती कड्यासारखा फिरतो आणि हिरडीला बाहेरून सतत हलका दाब देतो. जीभ आतून दाब देते. या दोन दाबांच्या मधे हिरडीची कमान जागेवर राहते. फटीमुळे ओठाचं कडं तुटतं आणि प्रत्येक अर्धा भाग आपापल्या गालाकडे खेचला जातो. एका बाजूला फट असेल तर हिरडीचा मोठा भाग पुढे आणि बाहेर वळतो, लहान भाग मागे राहतो, आणि मधल्या जागेत जीभ घुसून फट आणखी रुंद करते. दोन नाकपुड्यांमधला खांब, म्हणजे कॉल्युमेला, चांगल्या बाजूकडे कलतो. फटीच्या बाजूची नाकपुडी ताणून आडवी होते, तिचं कूर्च खाली बसतं.

टेप लावली की ओठाचा तुटलेला दाब परत मिळतो. त्या दाबाने हिरडी कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही, हे प्लेट ठरवते. शिवाय जिभेला फटीबाहेर ठेवते. उरलेलं काम बाळाची वाढ करते. म्हणून टेप सैल लावलेली आणि प्लेट उत्तम बनवलेली असेल तर महिन्याभरात जवळजवळ काहीच हलत नाही. मग आईबाबांना वाटतं प्लेट बिघडली, आणि डॉक्टरांना वाटतं घरी काही केलंच नाही. टेपचं महत्त्व पहिल्याच भेटीत नीट सांगितलं तर हे टळतं.

लवकर सुरू करण्यामागेही ठोस कारण आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात आईकडून आलेलं इस्ट्रोजेन भरपूर असतं. त्यामुळे ऊतींमधलं हायल्युरोनिक आम्ल वाढलेलं असतं आणि कूर्च मऊ, वळवू तशी वळणारी राहते. जपानमध्ये मात्सुओ यांनी १९८०च्या दशकात नवजात बाळांच्या वाकड्या कानांना आकार देताना हा गुण वापरला आणि पुढे तो नाकाला लावला. हे इस्ट्रोजेन पहिल्या सहाएक आठवड्यांत उतरत जातं. त्यामुळे पहिल्या एकदोन आठवड्यांत माप घेतलेलं उत्तम. महिनाभर उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, हिरड्या तीन महिन्यांपर्यंत चांगल्या हलतात, पण नाकाच्या बाबतीत गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

ऑपरेशनआधी प्लेट वापरण्याची कल्पना मात्र जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या मॅकनील यांनी १९५०च्या सुमारास प्लेटा वापरून हिरड्या जुळवल्या. जॉर्जियेड आणि लॅथम यांनी १९७५मध्ये पिनांनी हाडात अडकवलेलं, स्क्रूने फिरवायचं उपकरण मांडलं. झुरिकच्या हॉट्झ यांनी बळ न लावता, प्लेट थोडी थोडी घासून वाढीला वाट देण्याची पद्धत रुजवली. १९९३मध्ये न्यूयॉर्कचे ऑर्थोडॉन्टिस्ट बॅरी ग्रेसन आणि प्लास्टिक सर्जन कोर्ट कटिंग यांनी हिरडीच्या प्लेटला नाकाचा स्टेंट जोडला, आणि आज ज्याला नॅम म्हणतात ते तिथून सुरू झालं.

आधी दूध

प्लेटच्या आधी वजन. टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला तोंडात पोकळी निर्माण करता येत नाही, त्यामुळे ते जोर लावून चोखतं पण दूध ओढलं जात नाही. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेक बाळं अंगावर पितात. टाळूही दुभंगलेली असेल तर सहसा नाही. याचा अर्थ आईचं दूध थांबवायचं असा नाही. ते पंपाने काढून द्यायचं.

देण्यासाठी दोन प्रकारच्या बाटल्या उपयोगी पडतात. एक, मऊ भिंतीची, दाबून दूध सोडता येणारी. दुसरी, बुचाशी एकदिशा झडप असलेली, जिच्यात बाळाने नुसतं हिरडीने बोंड दाबलं तरी दूध येतं आणि मागे परत जात नाही. दोन्ही नसतील तर वाटी-चमचा किंवा बोंडलं चालतं. दाबायच्या बाटलीत चूक होते ती एकच: सतत दाबत राहणं. बाळ दोनतीनदा चोखतं, गिळतं, श्वास घेतं. दाब त्याच्या चोखण्याबरोबर द्यायचा आणि गिळताना सोडायचा. डोकं वर, पाठ ४५ ते ६० अंशांत. बोंड फटीत नको, शाबूत हिरडीच्या बाजूला. हवा जास्त जाते म्हणून एका पाजण्यात दोनतीनदा तरी ढेकर काढायचा. नाकातून दूध आलं तर घाबरू नका, बाळाला जरा पुढे झुकवून पुसून घ्या आणि पुन्हा सुरू करा.

प्रमाण सांगायचं तर पहिल्या आठवड्यानंतर साधारण दर किलोमागे दिवसाला १५० मिली. तीन किलोचं बाळ असेल तर दिवसाचं ४५० मिली, आठ वेळांत वाटलं तर एका वेळेला ५५ मिलीच्या आसपास. एक पाजणं अर्ध्या तासात संपायला हवं. तास तास चाललं तर बाळ जितकं कमावतं तितकंच दमण्यात घालवतं. जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ दिसायला हवी. ती दिसत नसेल तर प्लेट, टेप सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना गाठा.

प्लेट बसवली की बाळ दूध चांगलं पितं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. प्लेटमुळे बोंडाला टेकायला जागा मिळते हे खरं, पण तिने पोकळी निर्माण होत नाही, कारण मागची मऊ टाळू उघडीच असते. नेदरलँड्समध्ये तीन केंद्रांत ५४ बाळांवर झालेल्या डचक्लेफ्ट या अभ्यासात निम्म्या बाळांना साधी, स्टेंट नसलेली प्लेट दिली होती आणि निम्म्यांना नाही. दूध पिण्यात आणि वजनात फरक आढळला नाही. दुधासाठी बाटली आणि पाजण्याची पद्धत हवी. प्लेट वेगळ्या कामासाठी आहे.

कुणाला लागते, कुणाला नाही

ओठाला नुसती खाच असेल, हिरडी अखंड असेल, तर नॅमची गरज सहसा नसते. ओठ नीट आणि फक्त टाळू दुभंगलेली असेल तरीही नाही. ओठापासून हिरडीतून टाळूपर्यंत गेलेली रुंद फट, आणि दोन्ही बाजूंना फट असून मधला हिरडीचा तुकडा पुढे आलेला, अशा बाळांना तिचा खरा फायदा होतो.

खालचा जबडा लहान आणि जीभ मागे पडणारी बाळं, ज्यांना पिएर रॉबिन म्हणतात, त्यांच्यात श्वासाची वाट आधी सांभाळायची. त्यांच्या तोंडात घाईने काहीही बसवू नये. हृदयाचे ठोके, कानांची तपासणी, खालच्या ओठावर खळगे आहेत का, हेही पहिल्या भेटीत बघायचं. खालच्या ओठातले खळगे व्हॅन डर वुड सिंड्रोमची, म्हणजे घराण्यात उतरणाऱ्या एका जनुकीय दोषाची, खूण असू शकतात आणि मग घरातल्या पुढच्या बाळासाठी जनुकीय सल्ला लागतो.

माप

या सगळ्या उपचारात जिवाला सगळ्यात मोठा धोका असलेला टप्पा म्हणजे मापाचा. बाळ नाकाने श्वास घेतं, तोंडात मऊ पदार्थ भरलेला ट्रे जातो, आणि फटीतून तो पदार्थ नाकात किंवा मागे घशात जाऊ शकतो. म्हणून माप दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर घाईत घेऊ नये. सक्शन, ऑक्सिजन आणि नवजात बाळाची श्वासवाट सांभाळू शकणारी व्यक्ती जवळ हवी. दूध दिल्याला निदान दोन तास झालेले असावेत. भूल किंवा गुंगी देत नाहीत. जागं, रडणारं बाळ सुरक्षित असतं, कारण रडतंय म्हणजे हवा जाते आहे.

बाळाला पालथं किंवा डोकं खाली करून धरतात, म्हणजे जीभ पुढे येते आणि उलटी झालीच तर बाहेर पडते. पदार्थ जाड पुटीचा सिलिकॉन. पातळ वाहणारा सिलिकॉन घशाकडे उतरतो आणि अल्जिनेट हा मापाचा दुसरा नेहमीचा पदार्थ फटीतल्या खोबणीत अडकून तुटतो, म्हणून दोन्ही टाळतात. ट्रे बाळाच्या हिरडीच्या मागच्या टोकाच्या पुढे जाता कामा नये. पदार्थ लागेल तेवढाच घ्यायचा. ‘कमी पडलं तर’ म्हणून जास्त घेतलेलंच मागे सरकतं. माप निघाल्यावर टॉर्च लावून फटीत आणि नाकात तुकडा राहिला नाही ना हे बघायचं, आणि बाहेर आलेल्या मापाच्या कडा अखंड आहेत का हेही बघायचं. दुसरी तपासणी बरेच जण विसरतात. तुटलेली कड दिसली तर तो तुकडा कुठे आहे हे सापडेपर्यंत बाळाला सोडू नये.

आता काही ठिकाणी तोंडात फिरवायच्या स्कॅनरने माप घेतात. पदार्थ घशात जाण्याची भीती जाते, पण स्कॅनरचं टोक फटीच्या खोल खोबणीत नीट पोचत नाही आणि बाळ हलतं. ते आणखी सुधारेल असं वाटतं, आणि सुधारायलाही हवं.

प्लेट कशी असते

मापावरून दगडी प्लास्टरचा साचा ओततात. फट आणि खोबणी मेणाने बुजवतात, नाहीतर अ‍ॅक्रिलिक तिथे शिरून प्लेट काढता-घालता हिरडी सोलते. प्लेट पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची, दोन ते तीन मिलिमीटर जाड. पारदर्शक असण्यामागे कारण आहे: दाबाने हिरडी कुठे पांढरी पडते ते आरपार दिसतं. ओठ हिरडीला बांधणाऱ्या पडद्यापाशी, म्हणजे फ्रीनमपाशी, कड खोलगट कापतात. बहुतेक जखमा तिथेच होतात. कडा घासून गोल करतात आणि मऊ लायनरचा, म्हणजे अस्तराचा, पातळ थर देतात. प्लेटच्या मध्यावर सहा ते दहा मिलिमीटरचं छिद्र ठेवतात. प्लेट निसटून मागे गेली तर या छिद्रातून श्वास चालू राहावा, यासाठी ते असतं. ‘दूध जातं’ म्हणून ते बुजवायला सांगणारे असतात. बुजवू नका.

पुढच्या बाजूला, वरचा आणि खालचा ओठ मिळतात त्या रेषेत, साधारण चाळीस अंशांत बाहेर येणारं बटण असतं. एका बाजूची फट असेल तर एक, दोन्ही बाजूंची असेल तर दोन. बटणाची जागा चुकली की सगळं चुकतं: फार वर असेल तर ओठ मिटत नाहीत, फार खाली असेल तर खालचा ओठ प्लेटला सारखा ढकलत राहतो.

पहिल्या दिवशी प्लेट बसवल्यावर बाळाला तिथेच दूध पाजून बघायचं. लाळ वाढते, एकदोन दिवस बाळ जिभेने प्लेट ढकलतं, कुरकुरतं, आणि मग सवय होते. तीनचार दिवसांनंतरही रडू थांबत नसेल तर ते ‘सवय होईल’मध्ये मोडत नाही. कुठेतरी प्लेट टोचते आहे.

घरचं रोजचं काम

प्लेट दिवसरात्र तोंडात राहते, दुधाच्या वेळीही. दिवसातून एकदा साफ करायला काढायची. हात धुवा. गालांवरच्या टेप कोमट पाण्याने किंवा थोड्या तेलाने ओल्या करून हळू सोडवा, ओरबाडून नको. बटण धरून प्लेट खाली झुकवा, ती सुटते. मऊ ब्रश, कोमट पाणी, साधा साबण, आणि भरपूर खळखळून धुणं. उकळतं पाणी वापरलं तर अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं आणि प्लेट वाया जाते. ओल्या गॉजने हिरड्या आणि टाळू पुसून घ्या आणि उजेडात तोंडात बघा: लाल रेघ, पांढरा चट्टा, सोललेली जागा.

गालाची त्वचा आधी पुसून कोरडी करा. तेल राहिलं तर काहीच चिकटणार नाही. मग दोन्ही गालांवर हायड्रोकोलॉइडची, म्हणजे त्वचा जपणाऱ्या मऊ चिकट पदार्थाची, पट्टी लावा. ही पट्टी रोज काढायची नसते. कडा सुटेपर्यंत काही दिवस राहू द्या. वरच्या टेप हिच्यावर चिकटतात आणि रोजची ओढाताण त्वचेऐवजी पट्टी सोसते.

आता ओठाची टेप. बोटांनी दोन्ही गाल हलके पुढे आणून ओठाचे भाग जवळ धरा आणि टेप नाकाच्या बुडाशी, आडवी, दोन्ही भाग जवळ ठेवून लावा. फार खाली लावलेली टेप ओठाच्या लाल भागावर येते, लाळेने ओली होते आणि तासाभरात सुटते. कोणत्या बाजूने सुरू करून कुठे ओढायची हे टीमने तुमच्या बाळाच्या नाकाचा कल बघून दाखवलेलं असतं, त्यात घरी बदल करू नका. टेप लावल्यावर नाकाचा खांब आधीपेक्षा मध्याकडे आलेला दिसायला हवा. तसा दिसला नाही तर टेप नुसती चिकटली आहे, ओढत नाही.

शेवटी प्लेटच्या टेप. साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब सर्जिकल टेपचं एक टोक ऑर्थोडॉन्टिक इलॅस्टिकमधून (दातांच्या उपचारात वापरतात त्या छोट्या रबरी कड्यातून) ओवून स्वतःवर दुमडतात. इलॅस्टिकचा आतला व्यास पाव इंच, जाड प्रतीचं. प्लेट जागेवर बसवा, इलॅस्टिक बटणात अडकवा, टेप मागे आणि जरा वरच्या दिशेने ओढून गालावर चिकटवा. ओढल्यावर इलॅस्टिक मूळ व्यासाच्या सुमारे दुप्पट ताणलेलं असावं. मग साधारण १०० ग्रॅमचं बळ मिळतं. दुपटीपेक्षा कमी असेल तर प्लेट लोंबते आणि बाळ ती जिभेने बाहेर ढकलतं. तिप्पट ताणाने काम लवकर होत नाही, हिरडीवर व्रण पडतो आणि मग चार दिवस प्लेटच काढून ठेवावी लागते. खाली ओढलेल्या टेपने प्लेट टाळूपासून सुटते. ही चूक फार सामान्य आहे, विशेषतः रात्री झोपेत टेप बदलताना.

आठवड्याची भेट

दर आठवड्याला, नंतर कधी पंधरा दिवसांनी, प्लेटमध्ये बदल होतो. नियम सोपा आहे: हिरडी जिकडे जायला हवी तिकडचं अ‍ॅक्रिलिक घासायचं, जिकडून निघायला हवी तिकडे मऊ लायनर चढवायचं. एका भेटीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. मोठा भाग आत वळवायचा असेल तर त्याच्या बाहेरच्या, ओठाकडच्या अंगाला भर आणि आतल्या, टाळूकडच्या अंगाला जागा. फक्त भर घातली आणि समोरची जागा घासायची राहिली, तर हिरडी दोन्हीकडून चिमटीत सापडते. हलत नाही, फक्त दुखते. दोन भागांच्या मधे, फटीत शिरणारं अ‍ॅक्रिलिकही हळूहळू काढत जावं लागतं, नाहीतर ते पाचरीसारखं हिरड्या दूर ठेवतं.

नाकाचा स्टेंट पहिल्या दिवसापासून लावायचा मोह होतो, कारण नाकच डोळ्यांत भरतं. तो टाळायलाच हवा. हिरडीची फट पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी झाल्यावरच स्टेंट जोडतात. आधी जोडला तर रुंद ताणलेली नाकपुडी उचलली जाण्याऐवजी घेरानेच मोठी होते, आणि मोठी झालेली नाकपुडी लहान करणं सर्जनला फार अवघड जातं.

स्टेंट ०.९ मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेचा, हंसाच्या मानेसारख्या वळणाचा, टोकाला अ‍ॅक्रिलिकचे दोन गोलवे. वरचा नाकात जाऊन घुमटासारखा भाग उचलतो, खालचा नाकपुडीच्या कडेखाली टेकतो. त्यावर मऊ लायनर. बळ किती, हे डोळ्यांनी ठरतं: दूध पिताना नाकाच्या शेंड्यावरची त्वचा किंचित पांढुरकी व्हायला हवी आणि स्टेंट काढल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवी. पांढरी राहिली तर जास्त झालं. नाकाच्या आतून रक्ताचा डाग दिसला तर स्टेंट कमी करून घ्यायचा.

दोन्ही बाजूंना फट असलेल्या बाळाचं काम अवघड आणि लांबणारं, पाच-सहा महिन्यांपर्यंत जाणारं. मधला तुकडा, प्रीमॅक्सिला, पुढे आणि पुष्कळदा एका बाजूला वळलेला असतो. आधी तो मध्यावर आणायचा, मग मागे. हे होईपर्यंत बाजूच्या दोन हिरड्या प्लेटने एकमेकींपासून लांब धरून ठेवायच्या. त्या आधीच आत मिटल्या तर मधला तुकडा बाहेरच अडकतो आणि मग बळ वाढवून उपयोग नसतो, उलट तो तुकडा खाली झुकतो. या बाळांत कॉल्युमेला जन्मतः जवळजवळ नसतोच. दोन्ही स्टेंट नाकाचा शेंडा वर उचलतात, त्यांना जोडणारी मऊ पट्टी कॉल्युमेलाच्या बुडाशी बसते, आणि ओठाच्या मधल्या तुकड्यावरची टेप खाली प्लेटकडे ओढलेली असते. वर आणि खाली अशा दोन ओढींनी कॉल्युमेला लांबवतात. चार ते सात मिलिमीटर मिळाले तर नंतरचं नाकाचं एक ऑपरेशन टळण्याची चांगली शक्यता असते.

काय बिघडतं

गालाची त्वचा लाल होणं सगळ्यात जास्त. टेपची जागा रोज थोडी बदला, पट्टी मोठी घ्या, सोललं असेल तर एकदोन दिवस त्या बाजूला विश्रांती. हिरडीवर व्रण दिसला तर तिथलं अ‍ॅक्रिलिक घासून घ्यायचं. जेल लावत राहून काही होत नाही, कारण मूळ दोष प्लेटमध्ये असतो. पांढरे चट्टे, जे पुसले तरी जात नाहीत, ते बुरशीचे. बाळाला औषध मिळतं, पण प्लेट तशीच राहिली तर चट्टे परत येतात, म्हणून उपचारात तिची स्वच्छताही धरायची. काही बाळांच्या फटीच्या कडेला जन्मतःच दात असतो. हलत असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर हिरडी जवळ येताना मधे येतो.

प्लेट अचानक सैल किंवा अचानक घट्ट वाटली तर घरी घासू नका आणि चिकटवायची पेस्ट लावून दडपू नका. फोन करा. बाळ खोकायला लागलं, ओकारी काढू लागलं, श्वास घरघरला तर आधी प्लेट काढा, मग विचार करा. बाळाला झोपवायचं नेहमी पाठीवरच.

आणि इथे आमचं एक ठाम मत. ज्या कुटुंबाला दर आठवड्याला येणं कोणत्याही कारणाने शक्य नाही, त्याला प्लेट देऊ नये. बाळ वाढतं, प्लेट वाढत नाही. महिनाभर न बदललेली प्लेट वाढणाऱ्या टाळूला अडवते आणि हिरडी सोलते. अशा वेळी फक्त ओठाची टेप, किंवा टेपसोबत नाक उचलणारा साधा हुक, हा कमी दर्जाचा पर्याय नाही. योग्य लावलेल्या टेपनेही फट बरीच अरुंद होते. जगातली अनेक चांगली केंद्रं प्लेट न वापरता उत्तम ओठ शिवतात. नॅममुळे ऑपरेशनच्या आधी नाक आणि हिरडी सुधारते, याबद्दल फारसं दुमत नाही. पण वाढ पूर्ण झाल्यावर त्यातलं किती टिकतं यावर मतभेद आहेत, आणि नाक शिवल्यावर थोडं परत खाली बसतं हे नेहमी दिसतं. प्रवासाच्या अडचणीमुळे प्लेट जमली नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आईला हे स्पष्ट सांगायला हवं.

ऑपरेशनकडे

हिरड्या एकमेकींना टेकल्या, किंवा फट एकदोन मिलिमीटरवर आली, की हिरडीचं काम संपलं. एवढी जवळ आली असेल तर काही सर्जन ओठाबरोबरच हिरडीचं आवरणही शिवतात, ज्याने तिथे हाड धरू शकतं आणि आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान करायचं हाडाचं कलम काहींच्या बाबतीत टळतं. वरच्या जबड्याच्या वाढीवर याचा परिणाम होतो का यावर सर्जनांत वाद आहे, म्हणून तुमच्या सर्जनला तो हे करणार का आणि का, हे आधी विचारा.

ऑपरेशनसाठी बाळ तयार आहे का, याचा जुना ठोकताळा दहाचा: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. नॅमची बाळं तारखेपर्यंत सहसा याच्या पुढे गेलेली असतात. भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं. साधारण नियम असा की आईचं दूध चार तास आधी आणि पावडरचं दूध सहा तास आधी बंद. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ देतील तीच.

प्लेट ऑपरेशनच्या दिवशी सकाळपर्यंत तोंडात राहू द्या, आणि ती काढून भूलतज्ज्ञांच्या हातात द्या. प्लेट आहे हे तोंडीही सांगा. आदल्या आठवड्यात सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लगेच कळवा. तारीख पुढे गेली तर प्लेट आणि टेप चालूच ठेवा. सर्दीत नाक चोंदलं असेल तर स्टेंट काढून ठेवता येईल का ते विचारून घ्या, पण प्लेट आणि ओठाची टेप सोडू नका, कारण काही दिवस बंद राहिलं तरी हिरड्या परत सरकतात आणि जुनी प्लेट बसेनाशी होते. ओठ शिवल्यानंतर काही सर्जन नाकपुड्यांत मऊ सिलिकॉनच्या नळ्या काही महिने ठेवायला सांगतात. त्या रोज काढून धुवायच्या, आणि त्या बसवायचे टेपचे तुकडे पुन्हा गालावरच लागतात, म्हणून हायड्रोकोलॉइडच्या उरलेल्या पट्ट्या टाकून देऊ नका.